चुन्याची अक्षरं

पहाटे सव्वापाचला भांबुर्डा वनाचं फाटक उघडतं.
गौतमी ओव्हाळ, वनरक्षक, टॉर्च काखेत धरून
हातमोजे वाटते.
माणशी एक बादली, निम्मी मिठाचं पाणी.
"मोजा आणि टाका," म्हणते.
"कवच फुटलेली वेगळी लिहा."

भाद्रपदातलं धुकं.
गोखलेनगरच्या चढावर पहिली बस गिअर बदलते,
इथवर ऐकू येतं.
गिरिपुष्पाच्या खोडावर एक
(तेही बाहेरचंच झाड, पण त्याला आता कोण विचारतंय),
तिच्यामागे चकाकती वाट, वाटेवर सात.
मूठभर, तपकिरी, अंगावर उभे पट्टे.
उचलली की स्वतःला आत ओढून घेते
आणि बोटांवर गार फेस ठेवते.

पोटात पाय, हे शाळेपासून पाठ होतं.
पोटात दोनशे अंडी,
आणि एकदा भेट झाली की महिनोन्‌महिने
दुसऱ्या कुणाची गरज नाही,
हे म्हणीत कुणी घातलं नाही.

जोडीला भिवराबाई धिंडले, आंबेगावकडच्या.
पहिल्या दिवशी बादलीपाशी थबकल्या होत्या.
"नावातच गाय हाय हिच्या,
आन्‌ मिठात घालायची?"
मी काहीतरी पर्यावरणाचं बोलले.
त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला.
आता मी त्रेचाळीसला चुकते, त्या चुकत नाहीत.

मीठ आवाज करत नाही.

दगडाखाली अंडी सापडतात,
भिजवलेला साबुदाणा तंतोतंत.
या चतुर्थीला मी खिचडी केली नाही.
घरात कुणी कारण विचारलं नाही.

वहीत न लिहिलेली गोष्ट:
सहा वर्षांपूर्वी, जुलैत,
आमच्या सोसायटीनं इथे दोनशे दहा रोपं लावली.
बहावा, कांचन, पळस. सगळी देशी.
देशीच हवीत म्हणून मी मीटिंगमध्ये
आवाज चढवला होता.
टेम्पो उरुळीकडच्या नर्सरीतून आला.
काळ्या पिशव्या मीच ब्लेडनं कापल्या.
ओल्या मातीत पांढरे दाणे होते.
मला वाटलं, खत.
मी ते बोटांनी नीट दाबले, मुळाशी,
वर झारीभर पाणी.
एकोणीस झाडं जगली.

खाणीकडे वळताना एक कातळ आहे.
त्यावर खात्यानं चुन्यानं लिहिलं होतं,
'वन्यजीवांना त्रास देऊ नये'.
कवचाला चुना लागतो.
रात्री त्या येतात,
जिभेवरच्या हजारो दातांनी अक्षरं खरवडतात.
परवा 'वन्य' गेलं.
आज टॉर्च मारला तर उरलंय
'जीवांना त्रास देऊ'.
गौतमी हसली, मग हसायची थांबली.
"पावसानंतर परत रंगवू."
"चुन्यानंच?"
"मग कशानं, मॅडम? तेवढंच मंजूर होतं."

त्याच कातळाच्या पायथ्याशी,
भिवराबाईंनी उलटलेल्या दगडाखाली,
जोंधळ्याएवढी एक.
शिंगं सुईच्या टोकासारखी, बाहेर.
मी चिमटीत धरली, बादलीकडे वळले.
"थांबा!" गौतमी एवढ्या मोठ्यानं
आजवर बोलली नव्हती.
"ती इथली आहे."
तिला मराठीत नाव नाही.
गौतमीनं लॅटिन सांगितलं, मी लिहिताना दोनदा खोडलं.
वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.
मांडीवर वही ठेवून
वाकडाच आखला, त्यात एक लिहिला.
भिवराबाईंनी दगड होता तसा ठेवला,
तोच खाचखळगा शोधून,
झाकण लावावं तसा.

तीनशे बारा. फुटलेल्या नऊ.
साडेसातला फाटकाशी
पांढऱ्या बुटांतले एक आजोबा थांबले,
बादल्या बघून खूश झाले.
"वा! वृक्षारोपण का?"
बादलीची कडी तळव्यात रुतत होती.
मी तोंड उघडेपर्यंत
भिवराबाई म्हणाल्या, "व्हय,
त्याचंच निस्तरतोय."